जुन्या आकड्यांचं वजन

सकाळी 6.10

रात्री लावून ठेवलेली सिम्युलेशनं संपली आहेत. चहाचं आधण ठेवायच्या आधीच मी लॅपटॉप उघडते आणि सासूबाई आतून ऐकवतात, "आधी तोंड तं धुऊन घे." नोव्हेंबरात बालाघाटला या वेळी वैनगंगेकडून धुकं येतं, बोटं गारठतात, आणि इंटरनेट दिवसभरात सगळ्यात बरं याच तासाला चालतं.

काम थोडक्यात सांगते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना बसवायच्या एका यंत्राची चाचणी आखली जातेय. यंत्र कोणाचं, हे लिहायची मुभा मला नाही. आकडेही खरे देत नाही, त्याच बेताचे देते. या यंत्राची एक चाचणी आधी अमेरिका-युरोपात झाली आहे, समजा 300 रुग्णांवर. आता दुसरी व्हायची आहे, 210 रुग्णांवर, आणि तिची काही केंद्रं भारतात असतील. प्रश्न असा की नव्या चाचणीचा निकाल लावताना जुनीचं किती धरायचं. पूर्ण धरली, तर नवी घ्यायचीच कशाला? अजिबात सोडून दिली, तर 300 माणसांनी अंगावर यंत्र वागवून दिलेली माहिती वाया. बेझच्या पद्धतीत मधला मार्ग काढता येतो. जुन्या माहितीला ठरावीक टक्के वजन द्यायचं, तिथून सुरुवात करायची आणि नवे आकडे येतील तसं मत बदलत न्यायचं.

ते टक्के किती, यावरच माझा आजचा दिवस जाणार.

रात्रभर संगणकाने दहा हजार खोट्या चाचण्या खेळल्या. त्या प्रत्येकीत यंत्र पूर्ण निरुपयोगी आहे असं मी गृहीत धरलं होतं. तरी आमच्या नियमाने किती वेळा ते उपयोगी ठरवलं, हे मोजायचं. जुनी चाचणी न धरता ही चूक शंभरात अडीच वेळा होते, रिवाजाप्रमाणे चालते तेवढी. जुनीला 15 टक्के वजन दिलं की 4, 30 टक्क्यांना साडेसहा, 50 टक्क्यांना साडेअकरा. म्हणजे निम्मं वजन दिलं, तर अगदी बिनकामाचं यंत्रसुद्धा दर नऊ चाचण्यांमागे एकदा पास होईल.

जुनी माहिती आशादायक असली की असं होणारच, त्यात प्रोग्रामचा दोष नाही. चूक अडीचच्या पुढे जाऊच द्यायची नाही असं कडक बंधन घातलं, तर जुनी माहिती वापरण्याचा फायदाही जवळपास शून्यावर येतो. अमेरिकेच्या एफडीएने 2010 साली वैद्यकीय यंत्रांच्या चाचण्यांत बेझची पद्धत कशी वापरावी याचं मार्गदर्शन काढलं, त्यात या बाबतीत थोडं सैल धरायची तयारी दाखवली आहे. पण सैल म्हणजे किती सैल, हे प्रत्येक वेळी भांडूनच ठरतं.

7.30

काकाजी येतात. म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, घर शेजारीच. भरवेलीच्या मँगनीज खाणीत जन्म गेला, आता हृदयाची ताकद उतरली आहे. निरोगी हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी 55-60 टक्के पुढे ढकलतो (याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात), काकाजींचा 30 टक्के ढकलतो. डॉक्टर नागपूरला. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, वजन करायचं आणि लिहायचं, अशी सक्त ताकीद आहे. काटा आमच्या घरी आहे.

"सूनबाई, एकसष्ट आठशे भरून राहिलं आज. काल एकसष्ट तीनशे होतं."

मी वही उघडते. या वहीत पावसाळ्यापासूनची वजनं आहेत. अर्धा किलो इकडेतिकडे होणं त्यांच्या बाबतीत नेहमीचं आहे, सणावारानंतर तर हमखास. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं की फोन करायचा असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, कारण मग ते अंगात साठलेलं पाणी असतं. पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून बघते. खड्डा राहत नाही.

"काल लग्नात पापड किती खाल्ले?"

"दोनच."

काकी कुंपणापलीकडून ओरडतात, "दोन नाही, पाच!"

वहीत 61.8 लिहिलं जातं. हीच वाढ एखाद्या अशा माणसाची असती, ज्याचं वजन महिनाभर शंभर ग्रॅमने हललेलं नाही, तर मी आत्ताच फोन लावला असता. आकडा सारखाच, मागची वही वेगळी.

9.00

टेबलावर बसते. संध्याकाळच्या मीटिंगसाठी एक पान तयार करायचं आहे, आणि त्यात एका खऱ्या चाचणीचा दाखला हवा. तो एकच आहे जो मी नेहमी देते.

ऑप्टिमायझर नावाचं यंत्र आहे. ते पेसमेकरसारखं छातीच्या कातडीखाली बसतं, पण ठोका सुरू करत नाही. ठोका पडल्यावर स्नायू काही क्षण कुठल्याही नव्या इशाऱ्याला दाद देत नाही, नेमक्या त्या क्षणात ते विजेचा इशारा देतं. त्याने पेशीतल्या कॅल्शियमचा व्यवहार सुधारतो आणि स्नायू जोर लावून आकसतो. बॅटरी रुग्णाने घरी आठवड्याला चार्ज करायची असते. (हे वाचताना बालाघाटच्या माणसाला पहिला प्रश्न काय पडतो, ते सांगायला नको.)

त्याच्या फिक्स-एचएफ-5 या चाचणीत 428 रुग्ण होते. ठरवलेल्या मुख्य मोजमापावर यंत्र पास झालं नाही. पण ज्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन 25 टक्के किंवा त्याच्या वर होतं, त्या गटात फायदा दिसत होता. आता निकाल लागल्यावर शोधलेला गट म्हणजे संशयाचाच विषय. कुठला तरी गट बरा निघतोच. एफडीएला तेवढ्यावर मंजुरी देता येईना, आणि कंपनीला पुन्हा चारशे रुग्ण परवडेनात. तोडगा निघाला तो फिक्स-एचएफ-5सी. फक्त 160 नवे रुग्ण घ्यायचे, इजेक्शन फ्रॅक्शन 25 ते 45, आणि जुन्या चाचणीतल्या त्याच गटाला 30 टक्के वजन द्यायचं. वजन आधी ठरलं, निकाल नंतर आला.

मोजायचं होतं ते 24 आठवड्यांनी, जोर लावून चालताना शरीर कमाल किती ऑक्सिजन वापरतं ते. फरक निघाला दर किलो वजनामागे मिनिटाला 0.84 मिलिलिटर, आणि 95 टक्के शक्यतेने खरा फरक 0.123 आणि 1.552 यांच्या मध्ये. 2018 साली हे छापून आलं, मार्च 2019मध्ये मंजुरी मिळाली.

मला यातलं आवडतं ते हे की शेवटचं वाक्य साध्या माणसाला कळतं. खरा फरक या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता 95 टक्के. नेहमीच्या पद्धतीतल्या कॉन्फिडन्स इंटरव्हलचाही बहुतेक डॉक्टर असाच अर्थ लावतात, पण तिथे तो अर्थ चुकीचा असतो. आणि खटकतं ते हे की 0.123 म्हणजे जवळजवळ काहीच नाही, शिवाय तुलनेच्या गटाला यंत्र बसवलंच नव्हतं, त्यामुळे कोण कुठल्या गटात आहे हे रुग्णाला ठाऊक होतं. ट्रेडमिलवर किती वेळ दम काढायचा, हे थोडं मनावरही असतं. गणित कितीही सोवळं असलं, तरी ही गोष्ट त्याने धुऊन निघत नाही.

पानावर फक्त 30 टक्क्यांचा भाग घेते.

11.30

लाइट गेली. इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप चालतात, पंखा नाही. या दिवसांत लागतही नाही. पुण्याच्या सरांचा फोन येतो. ते आमच्या गटाचे प्रमुख, आणि पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे जुने विद्यार्थी. तो विभाग 1953 साली वसंत शंकर हुजूरबाजारांनी उभा केला. हुजूरबाजार मूळ कोल्हापूरचे, केंब्रिजला हॅरोल्ड जेफ्रिजच्या हाताखाली पीएचडी केलेले, पुढे पद्मभूषण. हा जेफ्रिज खरं तर भूकंप आणि पृथ्वीच्या पोटाचा अभ्यासक. 1930च्या दशकात, जेव्हा संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या दबदब्यापुढे बेझचं नाव काढणं म्हणजे मागासलेपण होतं, तेव्हा त्याने फिशरशी रॉयल सोसायटीच्या अंकांतून जाहीर वाद घातला आणि 1939 साली संभाव्यतेवर जाडजूड ग्रंथ लिहिला. म्हणजे बेझचं घराणं पुण्यात पोचलं ते थेट मुळातून. आमच्या नागपूरच्या वर्गात मात्र बेझचं सूत्र एका तासात उरकलं होतं, लाल-पांढऱ्या चेंडूंच्या पिशव्या घेऊन.

"तक्ता बघितला," सर म्हणतात. "क्लायंटचे डॉक्टर पन्नास टक्के मागणार. तुझं काय?"

"पंधरा. फार तर वीस."

"का?"

"जुनी चाचणी झाली तेव्हा डापाग्लिफ्लोझिन नव्हतं."

ते क्षणभर गप्प. मग, "हे पहिल्या ओळीत घे."

12.15

सर म्हणाले म्हणून तेच लिहून काढते, आणि हा भाग सावकाश लिहायला हवा.

डापाग्लिफ्लोझिन ही मूळची मधुमेहाची गोळी. 2019च्या डापा-एचएफ या 4744 रुग्णांच्या चाचणीत मधुमेह असो-नसो, हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो असं दिसलं. भारतात तिचं पहिलं पेटंट 2020मध्ये संपलं आणि ती स्वस्त झाली. काकाजीही रोज घेतात. आता जुन्या चाचणीतला तुलनेचा गट आठवा. त्यांना ही गोळी नव्हती. नव्या चाचणीतला तुलनेचा गट तिच्यामुळे मुळातच बरा असणार. मग यंत्राने भर घालायला जागा कमी उरते. जुना फरक जसाच्या तसा उसना घेतला, तर आपण गोळीचं श्रेय यंत्राला देऊन बसू.

काळ बदलला की तुलना कशी घसरते, याचा दुसरा पुरावा गाइड-एचएफ. फुप्फुसाच्या धमनीतला दाब घरबसल्या कळवणाऱ्या सेन्सरची ही चाचणी, 1000 रुग्णांची. सगळे रुग्ण 2019 संपेपर्यंत भरती झाले आणि मग करोना आला. लोक घरात बसले, तुलनेच्या गटातलं दवाखान्यात भरती होणंच घटलं, आणि फरक फिका पडला. एकाच चाचणीच्या पोटात सहा महिन्यांच्या अंतराने एवढं होतं, तर दहा वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्या खंडातल्या चाचणीचं काय?

1.20

जेवण. नवा चिन्नोर तांदूळ शिजलाय, वास अंगणापर्यंत. 2021पासून त्याला जीआय मानांकन आहे, म्हणून सासूबाई पाहुण्यांना तो आता नावानिशी वाढतात. वरण, भात, तूप. दहा मिनिटं लवंडते.

2.15

भारतातल्या केंद्रांचा प्रश्न. नॅशनल हार्ट फेल्युअर रजिस्ट्री हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा आधार. 53 रुग्णालयं, 10,851 रुग्ण, सरासरी वय साठीच्या आत-बाहेर. पश्चिमेकडच्या रुग्णांपेक्षा आपला रुग्ण साधारण दशकभर तरुण. भरतीनंतर 90 दिवसांत 14.2 टक्के दगावले. त्रिवेंद्रमच्या त्याआधीच्या नोंदवहीत वर्षभरात जवळजवळ तीन रुग्णांमागे एक गेला.

एवढं तरुण वय आणि एवढे मृत्यू. याचा अर्थ यंत्र इथे जास्त चालेल की कमी? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. धोका मोठा म्हणून फायद्याला वाव मोठा, असं एक. पण मृत्यूचं कारण औषध अर्धवट सुटणं, नागपूर-रायपूर गाठायला उशीर होणं हे असेल, तर छातीत बसवलेलं यंत्र त्याला काय करणार, हे दुसरं. ज्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं तितकीच पटतात, तिथे जुन्या माहितीचं वजन कमी ठेवणं हाच शहाणपणा असं माझं मत आहे.

रुग्णाला विचारायची एक प्रश्नावलीही असते, 23 प्रश्नांची, कॅन्सस सिटीची. त्यात अंघोळ, कपडे घालणं, सपाटीवर चालणं, जिना चढणं, घाईने चालणं यांत धाप किंवा थकव्याने किती अडतं हे विचारतात. 100पैकी गुण, पाच गुणांचा फरक म्हणजे रुग्णाला जाणवेल असा. मी मागे काकाजींना गंमत म्हणून विचारली होती. जिन्याशी अडलं. त्यांच्या घराला जिना नाही, ते चढतच नाहीत. "इतर कारणाने करत नाही" असा पर्याय आहे, तो धरला की तो प्रश्न गुणांतून गळतो. कौलारू घरांच्या गावातून असे किती प्रश्न गळतील, आणि उरलेल्यांची सरासरी अमेरिकेतल्या सरासरीला लावून बघायची का? हे टिपणात घालते, जरा खालच्या बाजूला.

4.45

औषधं आणायला बाहेर पडते. वाटेत धानाच्या गाड्या उभ्या. व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे काढतो, एक दाताखाली चिरडतो. ओळखीच्या गावचं धान असेल तर एका मुठीवर भाव बोलतो, अनोळखी असेल तर तीन-चार पोती उघडायला लावतो. कोणी त्याला बेझ शिकवलेला नाही. फक्त तो आपला अंदाज आधी कागदावर लिहून ठेवत नाही, त्यामुळे शेतकऱ्याला त्याच्याशी भांडता येत नाही.

काली पुतली चौकात पोहे खाल्ले. औषधवाला विचारतो, "मॅडम, तुम्ही घरून काय करून राहिल्या नेमकं?" "हिशेब," म्हणते. ते खरंही आहे.

7.00

अमेरिकेची घड्याळं महिन्याच्या सुरुवातीला एक तास मागे गेली, त्यामुळे सहाची मीटिंग आता सातला. पडद्यावर सहा चौकटी. क्लायंटचे डॉक्टर अपेक्षेप्रमाणे म्हणाले, पन्नास. त्यांचा मुद्दा हलका नव्हता. औषध रक्तातून सगळीकडे पसरतं. यंत्राचं काम एका जागी, यांत्रिक, आणि माणसागणिक फार बदलत नाही. नवं यंत्रही जुन्याचीच थोडी सुधारलेली आवृत्ती. याच कारणाने बेझची पद्धत आधी यंत्रांच्या चाचण्यांत रुजली.

मी टक्के बाजूला ठेवले आणि माणसं मोजली. 300चे पन्नास टक्के म्हणजे 150. दोनशे दहा खऱ्या रुग्णांच्या शेजारी दीडशे असे बसवायचे, ज्यांना आजच्या गोळ्या मिळाल्या नाहीत, ज्यांचं वय दहा वर्षांनी जास्त, आणि ज्यांचा निकाल आपल्याला आधीच माहीत आहे. पंधरा टक्के म्हणजे 45. "निकालाच्या खोलीत 210 माणसं आहेत. तुम्ही तिथे आणखी किती जणांना मत द्यायला बसवाल?"

कोणी लगेच बोललं नाही. मग त्यांच्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी वॉचमनचा दाखला काढला. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याची पिशवी बंद करणारं ते यंत्र. त्याच्या प्रिव्हेल चाचणीत 407 रुग्ण होते आणि आधीच्या प्रोटेक्ट-एएफ चाचणीचे आकडे अर्ध्या वजनाने घेतले होते. तरी पहिल्या मुख्य निकषावर वरची हद्द 1.75च्या आत यायची ती 1.89 आली. म्हणजे पन्नास टक्के दिले की यंत्र पास होतंच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे. पण तिथे दोन चाचण्यांमध्ये काळाचं अंतर थोडं होतं, आणि मुख्य औषध, वॉरफरिन, तेच होतं. हे मी म्हटलं, सरांनी दुजोरा दिला.

शेवटी पन्नास गेले. पंधरा की तीस, हे राहिलं. ते चाचणीआधी एफडीएशी होणाऱ्या बैठकीत दोन्ही तक्त्यांसह विचारायचं ठरलं. जुने आणि नवे आकडे एकमेकांशी फटकून वागले तर जुन्याचं वजन आपोआप उतरेल, अशी तरतूद घालायला मात्र सगळे कबूल झाले. भारतीय केंद्रांचे आकडे वेगळे काढून दाखवायचे, हेही. ते मला इतक्या सहज मिळेल असं वाटलं नव्हतं.

9.40

जेवणं झाली. प्रोटोकॉलमधला तो परिच्छेद आजच लिहून टाकते, उद्यापर्यंत मीटिंगमधली अर्धी वाक्यं विसरायला होतात. लिहिलं, की जुन्या चाचणीतले रुग्ण नव्या चाचणीतल्या रुग्णांशी साधारणपणे मिळतेजुळते असतील, या गृहीतावर वजन ठरवलं आहे.

सरांची टिप्पणी पाच मिनिटांत कडेला उमटली: "साधारणपणे म्हणजे काय? काढ. कशात मिळतेजुळते आणि कशात नाही, ते लिही."

काढते. खाली चार ओळी घालते. इजेक्शन फ्रॅक्शन आणि धापेचा टप्पा, यांत सारखे. वय, सोबतची औषधं, दवाखान्यापर्यंतचं अंतर, यांत नाहीत. अंतराचा रकाना मूळ फॉर्ममध्ये नाही, तो घालावा लागेल, आणि त्यासाठी डेटा मॅनेजमेंटला वेगळा मेल. तो सकाळी.